शांतव्वा अक्कांचं हुंकारतं पेव

अक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या जमिनीला कान लावून पालथ्या पडलेल्या होत्या.

वेळ भर दुपारची, बारा टळून गेलेली. पोलीस ॲक्शन होऊन वर्षही झालं नव्हतं. निजामाच्या राज्यात आमच्याकडच्या शाळांतून उर्दू चाले. आता मराठी शिकवायची म्हणून माझी नेमणूक भालकी तालुक्यात, मेहकरच्या पुढच्या एका लहानशा वाडीवर झाली होती. खांद्याला वळकटी, पिशवीत कवितांची दोन पुस्तकं आणि चार मैलांची पायपीट. वाटेत मनाशी ठरवत होतो, पहिल्या दिवशी पोरांना पावसाची कविता शिकवावी की पाखरांची. गावात शिरलो तर गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. दारं नुसती लोटलेली. आणि सगळीकडे एक वास, गोडसर, आंबूस, एखाद्या घरात लग्नाचा स्वयंपाक करून माणसं तशीच उठून गेली असावीत असा.

त्या वासाच्या मागे मागे मी गावाबाहेरच्या मुरमाड टेकाडावर पोचलो. तिथे पस्तिशीच्या एक बाई, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अशा पालथ्या पडून काहीतरी ऐकत होत्या. मी घाबरून थबकलो.

"नवे गुरुजी व्हय?" त्यांनी मान न उचलता विचारलं.

"होय."

"मग इकडं या, कान लावा. मला ऐकू यायलंय ते तुम्हालाबी यायलंय का, सांगा. गावातलं कुणी खरं सांगंना."

मी वळकटी खाली ठेवली आणि गुडघे टेकून कान लावला. माती तापलेली होती. आधी माझ्याच छातीचे ठोके ऐकू आले. मग त्यांच्या खालून दुसरं काहीतरी. हलकेच बुडबुडा फुटल्यासारखं. मग लांब उसासा. मग कुणीतरी झोपेत कूस बदलावी तशी सळसळ.

"आत कोण आहे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"पेरू," अक्का म्हणाल्या.

शांतव्वा अक्कांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी लिहा, असं संपादक मंडळींचं पत्र आलं, तेव्हा पहिल्यांदा कानात आला तो हा एकच शब्द. मी अक्कांपेक्षा चार वर्षांनी मोठा. पाठ केलेल्या कवितांची कडवी आता मध्येच निसटतात, कालचं जेवण आठवत नाही. पण ती दुपार जशीच्या तशी आहे.

आजच्या तरुण वाचकांनी पेव पाहिलं नसेल. उंच, पाणी न लागणाऱ्या जागी जमिनीत दोन पुरुष खोल खड्डा खणायचा, तोंड अरुंद, पोट मोठं, एखाद्या रांजणासारखा. आत कडब्याचं अस्तर, त्यात जोंधळा. वर शिळा ठेवून कडा शेणमातीनं लिंपायच्या. वारा आत जाता कामा नये. अशा पेवात जोंधळा तीन-तीन वर्षं झोपून राहायचा आणि काढला की तसाच्या तसा उठायचा. आमच्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला हे लिंपणं आईच्या दुधाबरोबर मिळालेलं.

आणि तिथेच चूक झाली होती. ॲक्शननंतर बाजार भरेनासे झाले. गाड्या रस्त्याला लागायला भीत होत्या. बागांतले पेरू दरसाल उचलून नेणारे बागवान त्या साली आलेच नाहीत. ते कुठे गेले हे गावात कुणी कुणाला विचारत नसे. झाडं मात्र दरसालसारखी लदलदून आली. वांगी, भोपळे, पेरू, लिंबं सगळं दारोदार कुजू लागलं. गुरंही तोंड लावीनात. गावात शिरताना मला आलेला वास तो होता. तेव्हा अक्कांनी घरच्या रिकाम्या पेवात पेरू भरले आणि बापजाद्यांनी शिकवल्याप्रमाणे शिळा ठेवून कडकडीत लिंपून टाकलं. जोंधळा राहतो तर पेरू का राहणार नाही?

नवव्या दिवशी आतून आवाज यायला लागले. गाव घरात शिरून बसलं.

त्या दुपारी शिळा उघडली ती अक्का, तुळशीराम आणि मी अशा तिघांनी. तुळशीराम हा शेजारच्या मळ्यातला मराठा शेतकरी, अक्कांच्या शब्दाबाहेर नसलेला. फट पडली आणि आतून कोमट, शिंदीच्या वासाची वाफ तोंडावर आली, कुणी अगदी जवळ उभं राहून श्वास सोडावा तशी. अक्कांनी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडला. हातभर गेला, दोन हात गेला, आणि विझला. वारा नाही, फडफड नाही. चिमटीत धरून कुणी वात मिटवावी तसा विझला.

तुळशीरामनं दोन्ही हात कानांना लावले. "अक्का, झाकून टाका. अण्णांनाबी ह्येनंच नेलं."

तेव्हा मला कळलं. सहा वर्षांमागे, ओल लागून आंबलेला जोंधळा काढायला याच पेवात अक्कांचे यजमान शिवराजअण्णा सगळ्यांच्या आधी उतरले होते, आणि वर आले ते दोरीनं ओढून. अंगावर ओरखडा नव्हता. झोपल्यासारखा चेहरा. अक्कांच्या घरी मृताला बसवून पुरतात. अण्णांची समाधी तिथून पन्नास पावलांवर, पण अक्कांच्या सासू, ज्यांना सगळा गाव अव्वा म्हणे, त्यांचं म्हणणं वेगळं होतं. समाधीत नुसती कुडी बसवली आहे, लेक अजून पेवातच आहे.

"दुसरं पेव नव्हतं का अक्का?" मी विचारलं.

"हाईत की तीन," त्या विझलेला कंदील वर ओढत म्हणाल्या. "पर गुरुजी, मला ह्याच पेवाला इचारायचं हाय, की तू काय करतोस."

गौरवलेखात माणसाचं धैर्य सांगताना मोठमोठे प्रसंग सांगतात. माझ्याजवळ मोठा प्रसंग नाही. नवरा गिळलेल्या खड्ड्याच्या काठावर बसून कंदिलाची वात तपासणारी ही बाई, एवढाच आहे.

त्या रोज येऊन बसत. नासलेले पेरू तोंड उघडं ठेवून, पाच दिवस थांबून, दिवा जळतो असं पाहून मग काढले. एका रांजणात कोरडा जोंधळा, दुसऱ्यात पेरू, तिसऱ्यात मेथी भरून तोंडं बांधली आणि दिवसाआड उघडून आत जळती काडी धरून पाहिली. जोंधळ्यात काडी जळत राही. पेरूत लगेच विझे. एक दिवस शाळेच्या दारात येऊन त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, कोरडा जोंधळा निजतो. भाजी निजत न्हाई. झाडावरनं तोडली तरी ती जित्तीच असती, दम घेती. आपण तिचं तोंड दाबलं. मग ती सडणार न्हाई तर काय करंल? आन् तिनं सोडलेला दम तळाला बसतो पाण्यावानी. त्यात मानूस गेला की गेला."

मी टाळी वाजवली. "अक्का, ही तर कविता झाली!" असं म्हणालो. तेव्हा मला ते नुसतं सुंदर वाटलं होतं. याबद्दल पुढे लिहायचं आहे.

पाण्यासारखा तळाला बसणारा दम पाण्यासारखाच वाहून जाईल, असं अक्कांनी ताडलं. पेव टेकाडावर, खाली ओढ्याकडे उतरण. त्यांनी उतरणीच्या बाजूनं तिरका चर खणून थेट पेवाच्या तळापर्यंत कुंभाराकडचे खापराचे नळ बसवले. वरच्या तोंडावर शिळेऐवजी बांबूची ताटी आणि तिच्यावर ओलं गोणपाट. आत कडेनं ओली वाळू, मधे ताट्यांचे मजले. आता वरून वारा शिरायचा, गार व्हायचा, आणि भाजीचा जड दम घेऊन खालच्या नळानं ओढ्यात उतरायचा.

पहिल्याच आठवड्यात फरक दिसला. वांगी आठ दिवस टवटवीत, पेरू पंधरवडा, वाळूत पुरलेली लिंबं दोन-दोन महिने. अक्कांचे नियम कडक होते. देठ तोडायचा नाही, आत ठेवण्याआधी धुवायचं नाही, पिकलेलं फळ कच्च्याच्या शेजारी ठेवायचं नाही, कारण एक पिकलं की ते शेजाऱ्याला पिकवतं. रोज प्रत्येक ताटीवरून हात फिरवायचा आणि डागलेलं काढून आधी खायचं. आत उतरणाऱ्यानं कमरेला दोरी बांधायची, वर एक माणूस, आणि त्याआधी दिवा सोडायचा. हे शेवटचं त्या इतक्यांदा सांगत की आम्ही ऐकेनासे झालो होतो.

मी या नियमांचं शाळेत गाणं केलं होतं.

"देठासकट आण, धुऊ नको पान,
पिकलं ते वेगळं, कच्च्याला दे मान."

अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरंय. तुमच्या पुस्तकात निस्ती पाखरंच गायलीत. माझ्या भोपळ्याला कुणी इचारलं न्हव्हतं."

पण त्या नळाबरोबर दुसरंही काही आलं. दुपारी ओढ्याकडून वारा उठला की तो नळाच्या तोंडावरून जाई आणि सगळं पेव हुंकार देई. हूंऽऽ असा, लांब, खालच्या पट्टीतला, मध्येच अडखळून पुन्हा सुरू होणारा. शिवारभर ऐकू जायचा. बैल माना वर करून उभे राहायचे. माझ्या वर्गात पोरं कवितेच्या अर्ध्या ओळीत थांबायची आणि मीही थांबायचो. गावातल्या म्हाताऱ्यांनी तो आवाज पहिल्याच दिवशी ओळखला. शिवराजअण्णा मोट हाकताना असाच हुंकार लावायचे, आणि असेच मध्ये अडखळायचे.

अव्वांनी दुपारचं जेवण सोडलं. घास हातात घ्यायच्या, आवाज सुरू झाला की ताटात ठेवायच्या. "माझा लेक आतनं वरडायलाय," त्या सुनेला म्हणत, "आन् तुमी कामून भाजी काढायलाव?"

भालकीच्या बाजारात तर तोंडावर बोलत. अक्का पेवातला माल नेहमी वेगळ्या टोपलीत, पळसाच्या पानांवर मांडत आणि विचारण्याआधीच सांगत, "ह्ये आठ दिसांचं हाय, ह्ये आजचं." एकदा एका गिऱ्हाइकानं पेरू हुंगून परत टाकला. "मढ्याच्या खड्ड्यातलं आमी खात न्हाई बाई." अक्कांनी तोच पेरू उचलला, तिथेच उभं राहून बियांसकट खाल्ला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "गोड हाय. आता बोला, किती देऊ?" गिऱ्हाइकानं घेतले नाहीत. पण जुना माल ताज्यात मिसळून विकायचं अक्कांच्या मनातही आलं नाही. त्यानं टोपली लवकर रिकामी झाली असती तरी.

त्या उन्हाळ्यात माझी पत्नी तापानं अंथरुणाला खिळली होती. वैद्यांनी लिंबाचं पाणी सांगितलं. वैशाखात लिंबू आणायचं कुठून? अक्का रोज सकाळी दोन लिंबं उंबऱ्यावर ठेवून जात. एकवीस दिवस. हातात घेतली की ती लिंबं इतकी गार लागत की अंगावर काटा येई. विहिरीतून वर आलेल्या बोटांना हात लागावा तशी. पत्नी बरी झाली. तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा, "ती दुपारी गाणारी बाई कोण?" तापात तिला तो हुंकार ऐकू येत असे.

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अक्कांनीही सांगितलेलं नाही, आणि त्यांचा गौरव करायचा तर मला हे सांगावंच लागेल.

संक्रांत झाली होती. पेव पेरूंनी काठोकाठ भरलेलं. अक्का भाचीच्या लग्नाला बसवकल्याणला गेल्या. त्याच संध्याकाळी त्यांचे दीर मल्लप्पा माझ्याकडे आले. साधा, आईवेडा माणूस.

"गुरुजी, वैनी चार दिस न्हाईत. तवर म्हातारीला दोन घास निवांत खाऊ द्यावं म्हनतो. नळाच्या तोंडात गोणपाट कोंबलंय. गप्प झालंय बघा. वैनी यायच्या आत काढतो."

मला ठाऊक होतं. शाळेच्या दारात उभं राहून अक्कांनी मला सगळं समजावलं होतं. भाजी दम घेते, दम तळाला बसतो, त्यात माणूस गेला की गेला. मी त्याला कविता म्हणालो होतो. आणि कवितेत कुणी मरत नाही.

"बरं केलंत," मी मल्लप्पांना म्हणालो.

चार दिवस गावात शांतता होती. अव्वा जेवल्या. मी एक लांब कविता वर्गात एका दमात म्हणून दाखवली, पोरांनी मध्ये मान वळवली नाही. मला बरं वाटलं, हे मी आज कबूल करतो. पण ती शांतता नीट नव्हती. वारा होता, कडुलिंबाची पानं हलत होती, पाखरं ओरडत होती, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एक भोक होतं. पेवाच्या तोंडावर, उंदीर-घुशी शिरू नयेत म्हणून, मल्लप्पांनी जुनी शिळाही सरकवून ठेवली होती.

पाचव्या दिवशी भर दुपारी, दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी पेरू काढायला तुळशीराम आला. शिळा बाजूला केली. कमरेला दोरी बांधली, कारण दोरीशिवाय उतरताच येत नसे. दिवा मात्र सोडला नाही. "रोज जळतोयच की त्यो," तो मल्लप्पांना म्हणाला. "तेल कामून नासायचं?"

त्याच वेळी अक्का मोटारीतून उतरून पाणंदीनं गावाकडे येत होत्या. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. गावकुसाबाहेरच्या कडुलिंबाखाली त्यांचे पाय आपोआप थांबले. "वारा अंगाला लागायलाय," त्या सांगतात, "आन् पेव गप्प. मला वाटलं, पुन्यांदा गेला."

मी शाळेच्या ओसरीवरून पाहिलं ते एवढंच, की अक्का पळत आहेत. त्यांना पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. डोक्यावरचं बोचकं वाटेत पडलं, त्यातला लग्नाचा आहेर धुळीत पसरला. त्या पेवाकडे गेल्या नाहीत. टेकाडाला वळसा घालून उतरणीकडे गेल्या, आणि गुडघ्यावर बसून नळाच्या तोंडातून काहीतरी ओढू लागल्या. ते गोणपाट आहे, हे मला कळलं. मग मीही धावलो.

"खाली कोन हाय?" त्या तिथूनच ओरडल्या.

"तुळशीराम हाय वैनी," मल्लप्पा वरून म्हणाले. "आत्ताच उतरलाय."

"बोलायलाय का?"

मल्लप्पांनी पेवात वाकून हाक मारली. पुन्हा मारली. मग ते तसेच तोंडात पाय सोडू लागले. अक्का वर पोचल्या होत्या. त्यांनी दिराच्या सदऱ्याचा मागचा भाग मुठीत धरला आणि मागे खेचला. "न्हाई! एकाच्या मागं दुसरा न्हाई जायचा. दोरी वढा!"

तिघांनी ओढली. दोरीला वजन होतं, पण ते माणसाचं वजन वाटत नव्हतं. एखादं ओलं पोतं असावं तसं, कुठेही न धरणारं. अरुंद तोंडात त्याचे खांदे अडकले. अक्कांनी आत हात घालून एक खांदा वळवला. तुळशीराम बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ जांभळे होते आणि चेहरा झोपल्यासारखा शांत. सात वर्षांपूर्वी अण्णांनाही मल्लप्पांनीच ओढलं होतं. हाच चेहरा.

अक्कांनी त्याला कुशीवर वळवलं, गळ्याची बटणं तोडली, पाठीवर थापट्या मारल्या, पदरानं वारा घातला. "घे," त्या म्हणत होत्या, "घे रे तुळशा, दम घे. भाजीला येतंय, तुला येत न्हाई?" दुसरं काहीच म्हणत नव्हत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही.

मग तुळशीरामच्या छातीतून एक लांब, घरघरता आवाज निघाला. आणि त्याच क्षणी खाली उतरणीवर, मोकळा झालेला नळ हुंकारला.

कोणता आवाज कुणाचा, ते क्षणभर मला वेगळं करता आलं नाही.

तुळशीराम संध्याकाळी बोलू लागला. म्हणाला, भीती वाटली नाही, त्रास झाला नाही. तळाशी पोचलो तर डोळे जड झाले. कुणीतरी शेजारून मायेनं म्हणालं, "बस जरा." म्हणून बसलो.

"कोण म्हणालं?" मी विचारलं.

"वळखीचा आवाज होता," एवढंच तो म्हणाला. पुन्हा कधीही, कुणीही विचारलं तरी, त्याहून जास्त बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांनी अव्वांचा हात धरून त्यांना उतरणीवर नेलं. मल्लप्पा आणि मी मागे होतो. अक्कांनी सासूचा सुरकुतलेला तळवा नळाच्या तोंडाशी धरला. गार झोत सुटला होता.

"अव्वा, ह्ये रडनं न्हाई," अक्का म्हणाल्या. "ह्या वाटंनं वाईट दम भाईर जायलाय. ह्यो आवाज यायलाय तवर आत कुनी मरत न्हाई. आवाज बंद झाला की मरतंय."

अव्वांनी बराच वेळ हात तसाच ठेवला. मग विचारलं, "माझ्या शिवराजच्या टायमाला ह्यो नळ कामून न्हाई बशिवलास?"

मल्लप्पांनी मान फिरवली. अक्का म्हणाल्या, "तवा मला ठावं न्हव्हतं, अव्वा. आता हाय."

अव्वा खाली बसल्या. तिथेच, नळाजवळ. त्या दिवसापासून पुढे तीन वर्षं, डोळे मिटेपर्यंत, त्या रोज दुपारी भाकरी पदरात बांधून तिथे जायच्या आणि हुंकार ऐकत जेवायच्या. आवाज बारीक झाला की काठीनं नळाच्या तोंडातला पाचोळा काढायच्या आणि वरच्या माणसाला ओरडून सांगायच्या, "थांब रं, आत्ता उतरू नको!" गावातल्या ज्यांनी पेव बुजवा म्हणून कुरकुर केली होती, त्यांनी पुढच्या दोन वर्षांत आपापल्या पेवांना नळ बसवले. दुपारी आमच्या शिवारात चार-पाच ठिकाणांहून वेगवेगळ्या पट्टीत हुंकार येऊ लागले. वाटसरू घाबरून पावलं उचलत. आमची माणसं मात्र हातातलं काम थांबवून क्षणभर ऐकत, आणि कुठे एखादा कमी वाटला तर त्या दिशेनं निघत.

गावानं मल्लप्पांना दोष दिला. तेव्हा अक्का भर पारावर म्हणाल्या, "चूक माझी. नळ कशाला हाय ते मी कुनालाच नीट सांगितलं न्हव्हतं." मी गर्दीत उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला नीट सांगितलं होतं, मला एकट्याला, हे त्यांना आठवत होतं. घरी जाताना मी त्यांना गाठलं आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, पोरांना शिकवताना आता एक करा. सुंदर हाय म्हनायच्या आधी खरं हाय का, ते इचारा." एवढीच शिक्षा. जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी ते झाकून ठेवलं, आणि अशी झाकून ठेवलेली ही एकच गोष्ट आत सडली नाही.

राज्यं बदलली. हैदराबाद गेलं, आम्ही म्हैसुरात गेलो, मग त्याचंही नाव बदललं. अक्कांकडे कोलार-धारवाडकडचे शेतीखात्याचे लोक येऊन वह्या भरून गेले. त्यांनी या गोष्टीला शास्त्रातली नावं दिली आणि ती बरोबरच असणार. मी मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवतो. अव्वा गेल्या त्याच्या तेराव्या दिवशी दुपारी अक्का आणि मी उतरणीवर उभे होतो. वारा मुळीच नव्हता. ओढ्यातलं गवताचं पातं हलत नव्हतं. आणि नळ हुंकारत होता. मध्येच अडखळत, पुन्हा लागत. अक्कांनी कंदील पेटवून तोंडाशी धरला. ज्योत सरळ उभी होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "दिवा जळायलाय," त्या म्हणाल्या, "म्हंजी बरं हाय," आणि तुळशीरामला उतरायला सांगितलं.

तो तुळशीराम आज सत्तरीला आला आहे आणि गौरव समारंभाच्या मांडवात पेरूंच्या टोपल्या तोच मांडणार आहे. अक्का अजून रोज ताट्यांवरून हात फिरवतात, डागलेलं आधी स्वतः खातात, आणि दिवा सोडल्याशिवाय कुणाला उतरू देत नाहीत.

अक्का, तुमच्यापेक्षा मोठा असल्यानं आशीर्वाद देण्याचा हक्क मला आहे, आणि तुमच्यासमोर तो वापरायला संकोचही वाटतो. तुमचे हात असेच गार आणि कान असेच तल्लख राहोत. अजून पुष्कळ संक्रांती तुम्ही पेवाच्या काठी उकिडवं बसून पाहाव्यात. माझं ऐकणं आता मंदावत चाललंय. रोज दुपारी मी ओसरीवर बसतो आणि हुंकार लागेपर्यंत घास उचलत नाही. एखाद्या दिवशी तो मला ऐकू येणार नाही. त्या दिवशी दोष माझ्या कानांचा असो.